उन्हाळ्यापूर्वी अमोनिया प्लँटची काळजी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मराठवाड्यातील ज्या दूध शीतकरण केंद्रांची, बर्फ कारखान्यांची, सीताफळाचा गर गोठवणाऱ्या उद्योगांची आणि फळे-मिरचीच्या शीतगृहांची देखभाल आमच्याकडे आहे, त्यांच्या मालकांनी व व्यवस्थापकांनी हे पत्रक स्वतः वाचावे आणि प्लँट रूममधील ऑपरेटरसोबत बसून त्यावर बोलावे, ही विनंती. अमोनिया सोडून दुसरा वायू वापरा, असे आम्ही सुचवत नाही. थंडावा देण्यात तो सरस आहे, स्वस्तही आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नीट चालणाऱ्या प्लँटपेक्षा दुरुस्तीसाठी उघडलेल्या प्लँटचा धोका मोठा असतो आणि आपल्याकडे सावधगिरी नेमकी उलटी बाळगली जाते.

त्यातही सर्वांत जोखमीचे काम म्हणजे तेल काढणे. कॉम्प्रेसरमधून निसटलेले तेल द्रवरूप अमोनियापेक्षा जड असल्यामुळे रिसिव्हर व ॲक्युम्युलेटर (द्रव अमोनियाच्या टाक्या) आणि कॉइल (थंडावा देणाऱ्या नळ्या) यांच्या तळाशी साचते. ते बाहेर काढताना आधी घट्ट गाळ अडकून प्रवाह थांबल्यासारखा वाटतो, ऑपरेटर व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि गाळ निघताच मागोमाग द्रव अमोनिया उसळून येतो. म्हणून तेल थेट मुख्य टाकीतून काढू नये. ते ऑइल पॉटमध्ये, म्हणजे तेलासाठीच्या वेगळ्या भांड्यात, उतरवून घ्यावे, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करावा, पॉटमधील अमोनिया कमी दाबाच्या बाजूला सोडावा आणि पॉटवर बाहेरून जमलेला पांढरा बर्फ पूर्ण वितळून भांडे हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. शेवटचा व्हॉल्व्ह हात सोडताच स्प्रिंगने मिटणारा असावा. अशा व्हॉल्व्हचा दांडा तारेने बांधून ऑपरेटर चहाला गेल्याचे आमच्या तंत्रज्ञांनी पाहिले आहे. तार बांधली की त्या व्हॉल्व्हचा उपयोगच संपला. हे काम एकट्याने कधीही करू नये, रात्रपाळीत तर मुळीच नाही.

दुरुस्तीसाठी पाइपचा एखादा भाग वेगळा करताना दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव अडकू देऊ नये. थंड द्रव तापू लागला की प्रसरण पावतो, त्याला जागा मिळत नाही आणि मजबूत पाइपही फुटू शकतो. आधी तो भाग पंपडाऊन करून, म्हणजे त्यातला अमोनिया कॉम्प्रेसरने ओढून घेऊन, रिकामा करावा.

उन्हाळ्याचा प्रश्न कंडेन्सरचा, म्हणजे दाबलेल्या अमोनिया वायूला पाण्याने थंड करून द्रव बनवणाऱ्या भागाचा आहे. अमोनिया 35 अंश सेल्सिअसला द्रवरूप होत असेल तर गेजवर सुमारे 12.5 बार दाब दिसतो. तेच तापमान 45 अंशांवर गेले की दाब सुमारे 16.8 बारपर्यंत चढतो. आपल्या भागातील बोअरचे जड पाणी कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षार बसवते, त्यातच टँकर उशिरा आला की पाणी कमी पडते, आणि हेड प्रेशर (कंडेन्सरमधील दाब) वाढतच राहते. अशा वेळी हाय प्रेशर कटआउट, म्हणजे दाब फार वाढताच कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच, पुढे सरकवून प्लँट रेटणे म्हणजे संकट ओढवून घेणे आहे. नळ्या साफ कराव्यात, आत शिरलेली हवा पर्जरने काढावी आणि तोवर चेंबरमधील मालाचा भार कमी ठेवावा.

वासावर विसंबू नये. अमोनिया हवेत अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो, पण रोज तिथेच वावरणाऱ्याचे नाक मरते आणि ‘एवढा वास तर नेहमीचाच’ हे उत्तर मिळते. प्लँट रूममध्ये 25 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) इशारा देणारा डिटेक्टर बसवावा. 300 पीपीएम ही पातळी जीविताला तत्काळ धोकादायक मानली जाते. एक्झॉस्ट फॅनची जोडणी जनरेटरवरही असावी, कारण वीज गेली म्हणून गळती थांबत नाही. साधा कॅनिस्टर मास्क (वायू गाळणारा डबा लावलेला मुखवटा) केवळ बाहेर निसटण्यापुरता आहे. गळती बंद करायला आत जाणाऱ्याकडे हवेचा सिलिंडर असलेला श्वसनसंच आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण हवे.

अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असते हे खरे, परंतु मोठ्या गळतीत थंड पांढरे धुके जमिनीलगत पसरते. म्हणून वाऱ्याची दिशा दाखवणारे कापड गच्चीवर लावावे आणि कामगारांनी वाऱ्याला आडवे चालत ढगाच्या बाहेर पडावे. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी मारू नये. त्याने तो अधिक वेगाने उकळतो. डोळ्यांत गेल्यास चोळू नये, किमान 15 मिनिटे सतत पाण्याने धुवावे. कपडे अंगाला गोठून चिकटले असतील तर ते ओढू नयेत, पाण्याने सैल झाल्यावरच काढावेत. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि एकत्रित आपत्कालीन मदतीसाठी 112 हे क्रमांक दाराबाहेर रंगवून घ्यावेत.

शॉवर व डोळे धुण्याचा नळही दाराबाहेरच हवा. त्याची टाकी वेगळी, कायम भरलेली असावी आणि नळी सावलीतून किंवा जमिनीखालून न्यावी; मे महिन्याच्या दुपारी उघड्या नळीतील पाण्याने हात भाजतो, तिथे डोळे कोण धुणार?

पुढील भेटीच्या वेळी आमच्या तंत्रज्ञाला सेफ्टी व्हॉल्व्हवरील तारखेची पट्टी दाखवावी. बसवून 5 वर्षे झाली असतील किंवा तो एकदा दाबाने उघडला असेल, तर तो बदलावा लागेल. दाबपात्रांच्या तपासणीचा सक्षम व्यक्तीने (सरकारमान्य तपासनीसाने) दिलेला शेवटचा अहवालही काढून ठेवावा.