साठा कधी, कवच कधी: हवेवर चालणारा जिवाणूंचा हिशोब

जिवाणूंच्या पेशीत प्लास्टिकसारखे पॉलिमर साठते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लम्वान्य यांनी 1920च्या दशकातच दाखवले होते. त्यांनी बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूतून पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) हे असे पॉलिमर वेगळे केले. पण हा साठा नेमका कशामुळे वाढतो, हे साध्या फ्लास्कमध्ये उलगडणे अवघड होते. तिथे जिवाणू वाढतात तसे अन्न संपते, वाढ मंदावते आणि ऑक्सिजनही घटतो. सगळे एकदमच बदलत असताना दोष कोणाला द्यायचा?

ही गुंतागुंत सुटली ती 1950 साली. पॅरिसमध्ये जाक मोनो आणि शिकागोत नोविक व झिलार्ड यांनी स्वतंत्रपणे सतत संवर्धनाची पद्धत मांडली. एका बाजूने ताजे माध्यम ठरावीक वेगाने आत येते आणि तेवढेच द्रव बाहेर जाते. वाढीचा वेग पंपावर ठरतो, त्यामुळे तो स्थिर ठेवून फक्त हवा कमी-जास्त करता येते. माझ्या मते या विषयाचा खरा आरंभ इथेच आहे.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील हल विद्यापीठात डॉज आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅझोटोबॅक्टर बेयरिन्की या जिवाणूचा ऑक्सिजन पुरवठा याच पद्धतीने मर्यादित केला आणि पेशी पीएचबीने भरू लागल्या. ऑक्सिजन अपुरा पडला की एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) साचते, क्रेब्ज चक्र (अन्नातून ऊर्जा काढणारी अभिक्रियांची साखळी) अडते आणि अ‍ॅसिटिल-कोए (या चक्रात जाणारा कार्बनयुक्त रेणू) पॉलिमरकडे वळते. म्हणजे पीएचबी हे नुसते कोठार नाही, जादा इलेक्ट्रॉन सोडायची वाटही आहे. हवा पुन्हा मिळाली की पेशी तेच वापरून टाकते.

अ‍ॅझोटोबॅक्टर विनेलँडीचे चित्र आणखी गुंतागुंतीचे. हा जिवाणू पीएचबीबरोबर पेशीबाहेर अल्जिनेट हे चिकट पॉलिमरही बनवतो. हवेतील नायट्रोजन वापरण्याजोगा करणारे त्याचे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते. 2000 साली साब्रा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ऑक्सिजन वाढला की अल्जिनेटचे कवच अधिक दाट होते आणि आतल्या विकराला आडोसा मिळतो. दुसरीकडे हवा फार झाली तर श्वसनात साखर वाया जाते आणि फार कमी झाली तर कार्बन पीएचबीकडे जातो.

त्यात मोजमापाची अडचण आहेच. विरघळलेल्या ऑक्सिजनचा काटा शून्याजवळ स्थिर दिसला, तरी पुरवठा थोडा असू शकतो किंवा भरपूर. पेशी तो येताक्षणी संपवतात. म्हणून पुढच्या संशोधनात काट्यापेक्षा ऑक्सिजन द्रवात उतरण्याच्या वेगाकडे अधिक लक्ष गेले. तो वाढवायचा तर ढवळणे वाढवावे लागते, आणि अल्जिनेट किंवा झँथनने (जिवाणूंनी बनवलेले असेच दुसरे चिकट पॉलिमर) घट्ट झालेल्या द्रवात हवेचे बुडबुडे नीट पसरतच नाहीत.