शेंडी राहिली तर मॅकरून, विरली तर मॅकरॉन

"मॅकरून नारळाचं आणि मॅकरॉन बदामाचं, एवढाच फरक ना?" माझ्याकडे बेकिंग शिकायला येणारी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी हे विचारते. दोन्ही अंड्याच्या पांढऱ्या भागात साखर घालून भाजलेले छोटे गोड पदार्थ. मी दरवेळी "नाही" म्हणते आणि दरवेळी समोरच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य असतं. गेल्या जुलैत माझ्या भाचीनेही हेच विचारलं. ती नववीत, शाळेत तिसरी भाषा फ्रेंच, आणि प्रकल्पासाठी एक फ्रेंच पदार्थ स्वतः करून न्यायचा होता. नारळाची मॅकरून्स तिने माझ्याकडे कितीदा तरी केली होती, म्हणून तिला वाटलं, नारळाच्या जागी बदाम घातला की काम झालं. तिथून पुढे ऐरोलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात पाच घाणे झाले.

नारळ आणि बदामाची ही वाटणी मुळातच टिकत नाही. तमिळनाडूतल्या तुतिकोरीनच्या प्रसिद्ध मॅकरूनमध्ये नारळाचा कणही नसतो. काजूची पूड, अंड्याचा पांढरा भाग आणि साखर, तरी ते मॅकरूनच. उलट फ्रान्समधल्या नान्सी शहराचं जुनं मॅकरॉन बदामाचंच असतं, पण ते एकेरी, वरून तडकलेलं, सारण नसलेलं बिस्कीट असतं. दोन गुळगुळीत टोप्या आणि मध्ये सारण, हे मॅकरॉनचं आपल्या डोळ्यांसमोरचं रूप पॅरिसचं, आणि ते विसाव्या शतकात रूढ झालं. नावांचं म्हणाल तर मूळ शब्द एकच. फ्रेंच 'बलों'चं इंग्रजीत 'बलून' झालं, तसंच 'मॅकरॉं'चं 'मॅकरून'. आज मात्र ही दोन वेगळ्या पदार्थांची नावं आहेत, आणि ठाण्यातल्या चांगल्या कॅफेंच्या मेन्यूवरसुद्धा रंगीत मॅकरॉनच्या फोटोखाली 'मॅकरून' छापलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. बनवणाऱ्याने इतकी मेहनत घेतलेली असते, नाव तरी नीट लिहावं.

नारळाचं मॅकरून तुम्हाला येतंच. डेसिकेटेड कोकोनट, पांढरा भाग, साखर, चिमूटभर मीठ, चमच्याने ढीग घालायचे आणि कडा खरपूस होईपर्यंत भाजायचे. ओला नारळ घालू नका, त्याचं पाणी सुटतं. मैदाही घालू नका. मैदा घातला की ते नारळाचं बिस्कीट होतं. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

खरा फरक आहे पांढरा भाग फेटून झालेल्या फेसाचं काय करायचं यात.

नारळाच्या मॅकरूनला फेस लागतच नाही, पांढरा भाग तिथे फक्त नारळाला धरून ठेवतो. तुतिकोरीनच्या मॅकरूनला कडक फेस लागतो आणि तो जपायचा असतो. काजूची पूड हलक्या हाताने मिसळायची, म्हणजे कोन दाबून घातलेल्या गोळ्याला मोदकासारखी शेंडी येते आणि ती भाजल्यावरही ताठ राहते. ती शेंडी हीच त्याची खूण. मॅकरॉनलाही तितकाच कडक फेस लागतो, भांडं उपडं केलं तरी हलणार नाही असा. पण तो एवढ्या कष्टाने फेटायचा आणि मग ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःच मोडायचा. मॅकरॉनवर शेंडी राहिली तर तो दोष. या मोडण्याला फ्रेंचमध्ये 'मॅकरोनाज' असा खास शब्द आहे, आणि अडखळणारी प्रत्येक जण इथेच अडखळते.

याचं कारण मला ठाऊक आहे. आपण सगळ्या जणी स्पंज केकवर शिकलो. "हलक्या हाताने, कट अँड फोल्ड, हवा जाता कामा नये", हे हाताला इतकं भिनलेलं असतं की फेस दाबायला हात धजावत नाही. मॅकरॉनच्या व्हिडिओतही कुणी नुसतं "अलगद फोल्ड करा" म्हणून पुढे जातं तेव्हा मला फार राग येतो. शिकणारीला सगळ्यात जास्त मदत लागते ती नेमकी तिथे.

भाचीचा पहिला घाणा असाच गेला. प्रमाण चोख होतं: १०० ग्रॅम पांढरा भाग, ९० ग्रॅम बारीक साखर, १३० ग्रॅम बदामाची पूड, १३० ग्रॅम आयसिंग शुगर. फेसही सुंदर झाला होता. तिने केकसारखं अलगद कालवलं आणि गोळे घातले. प्रत्येकावर शेंडी. ट्रे ओट्यावर चारदा आपटला तरी ती बसली नाही. भाजल्यावर वरचं कवच खडबडीत आणि मधोमध तडकलेलं. मिश्रणात हवा जास्त राहिली होती. तापल्यावर ती फुगली आणि जिथे वाट मिळाली तिथून फुटली.

दुसऱ्या घाण्याला मी म्हटलं, "जरा जास्त घोट." तिने मन लावून घोटलं. मिश्रण पाण्यासारखं पळायला लागलं, गोळे पसरून एकमेकांना चिकटले आणि चकाकणारा एक अखंड पापड ट्रेवरून सोलून काढावा लागला. चूक माझी होती. "जास्त" म्हणजे किती, हे मी सांगितलंच नव्हतं.

आता सांगते. स्पॅच्युला भांड्याच्या कडेवर आडवा दाबत मिश्रण पसरवायचं, मग तळातून गोळा करून परत दाबायचं. दर चार-पाच वेळा दाबलं की थांबून धार बघायची. आधी मिश्रण लगद्यासारखं पडतं. मग जाड धार पडते, पण तुटत तुटत. मग एक क्षण असा येतो की जिलबीच्या पिठापेक्षा किंचित दाट अशी सलग धार पडते, तिने न तुटता इंग्रजी आठचा आकडा काढता येतो, आणि पडलेली रेघ वीसेक सेकंदांत खालच्या मिश्रणात विरते. तिथे हात थांबवायचा. अजून चार वेळा दाबलं तर हातचं जातं, आणि गेलं की परत आणता येत नाही. म्हणून मी नेहमी आकड्याच्या थोडं आधी थांबते. पायपिंग बॅगेत भरताना आणि दाबताना ते आणखी थोडं मोडतंच.

तिसऱ्या घाण्याला भाची ओट्याशी वाकून धारेकडे बघत होती. आठ काढता काढता तुटला. दोनदा दाबलं, परत तुटला. आणखी दोनदा, आणि आठ पुरा झाला. तिने तिथेच स्पॅच्युला खाली ठेवला. गोळ्यावर उठलेली बारीक शेंडी आमच्या डोळ्यांदेखत आत बसली आणि वरचा भाग सपाट झाला. "मावशी, विरली!" एवढंच ती म्हणाली.

तरी तो घाणाही तडकला, आणि दोष पावसाचा होता. मॅकरूनला ही अडचणच नाही, ते घातलं की थेट भट्टीत. मॅकरॉनला मात्र भाजण्याआधी दुधावर धरते तशी साय धरावी लागते. वर साय घट्ट असली की आतली वाफ वरून फुटत नाही, कवचाला उचलत खालून बाहेर पडते आणि बुडाशी ती बारीक झालर उमटते, जिला सगळे फीट म्हणतात. साय न धरता ट्रे आत सरकवला तर वाफ वरूनच फुटते.

ऐरोलीत जुलैमध्ये दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे साय कुठून धरणार? म्हणून चौथ्या वेळी एकाच मिश्रणाचे दोन ट्रे केले. एक खिडकीपाशी ओट्यावर, दुसरा बेडरूममध्ये एसी ड्राय मोडवर लावून. दीड तासाने ओट्यावरचा गोळा बोटाला चिकटतच होता. बेडरूममधल्याला चाळीस मिनिटांत साय धरली, बोट फिरवलं तर कागदावर फिरवल्यासारखं कोरडं लागलं. म्हणून पाककृतीत "३० मिनिटं ठेवा" लिहिलेलं असलं तरी घड्याळाकडे बघू नका, बोट लावून बघा. एसी नसेल तर पंख्याखाली ठेवा आणि पावसाची झड असेल तर दुसऱ्या दिवशी करा.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगते. बदाम वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून आणते. सोलल्यावर पूर्ण वाळवायचे, मग आयसिंग शुगरबरोबर मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचे, नाहीतर तेल सुटतं. पूड चाळायचीच. भांडं स्टीलचं घ्या, प्लास्टिकला तेलकटपणा राहतो आणि पिवळ्या बलकाचा किंवा तेलाचा अंश असला तर फेस चढत नाही. रंग जेल किंवा पावडरचा, पातळ नको. चौथ्या घाण्याची साय छान होती, पण कवचं तपकिरी झाली. आमच्या ओटीजीची, म्हणजे छोट्या ओव्हनची, चकती १५० दाखवत होती आणि आतला थर्मामीटर १७०. तो थर्मामीटर विकत घ्याच. १५० अंशांवर पंधरा मिनिटं पुरतात. अंडं चालत नसेल तर छोले शिजवलेलं पाणी आटवून फेटता येतं. मॅकरॉन होतं, पण साय धरायला आणखी वेळ द्यावा लागतो.

सारण आंबट किंवा कडू असावं यावर मी ठाम आहे. कवचात साखर भरपूर असते. त्यात गोड बटरक्रीम भरलं की बदाम जिभेला लागतच नाही. आम्ही डार्क चॉकलेटचं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं दाट सारण, केलं, थोडं मीठ घालून.

पाचवा घाणा शाळेच्या दोन दिवस आधी केला, कारण भरलेलं मॅकरॉन हवाबंद डब्यात एक दिवस फ्रीजमध्ये राहिलं की सारणाचा ओलावा कवचात उतरतो आणि वर कुरकुरीत, आत मऊ असा तो पोत येतो. अठ्ठावीस कवचं निघाली, त्यांतली चोवीस जुळली. उरलेल्या पांढऱ्या भागाची भाचीने काजू घालून शेंडीवाली मॅकरून्स केली आणि तीही डब्यात ठेवली. डब्याच्या झाकणावर तिने मराठीत आणि फ्रेंचमध्ये दोन्ही नावं लिहिली, आणि प्रत्येक नावाखाली पेन्सिलने आकार काढला: एक टोकदार, एक सपाट.