लोडावर पडून राहायचं, यात योग कुठला? : आधाराच्या आसनांविषयी थोडं सविस्तर

आमचा मूळ धंदा चादरी-टॉवेलचा. योगासाठी लागणारे लोड, पट्टे, घडीच्या चादरी आणि डोळ्यांवर ठेवायच्या जवसाच्या पिशव्या आम्ही नंतर करायला लागलो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक लोड हातात घेऊन दाबून बघतं आणि वर लिहिलेला प्रश्न हमखास विचारतं. प्रश्न रास्त आहे. गर्दीत उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा हे पत्रक काढलं. घरी निवांत वाचा.

तत्त्व काय

याला रिस्टोरेटिव्ह योग म्हणतात. आपण त्याला आधाराचा किंवा विश्रांतीचा योग म्हणू. शरीराचा जो भाग अधांतरी राहतो त्याच्याखाली काहीतरी सारायचं आणि स्नायूंना कामच ठेवायचं नाही, एवढंच त्याचं मर्म. नेहमीच्या आसनांत ताण बसला की बरं वाटतं. इथे उलट आहे. ताण जाणवला, तर आधार कमी पडला असं समजायचं आणि उठून आणखी एक घडी घालायची.

साध्या गादीवर पडलो तरी शरीर पूर्ण सुटत नाही. कंबरेखाली पोकळी राहते, हनुवटी वर जाते, खांदे गादीपासून उचललेले राहतात. तेवढं धरून ठेवायला स्नायू राबतच असतात, आपल्याला पत्ता नसतो. म्हणून एका बैठकीत तीन-चारच आसनं घ्यायची, प्रत्येक आसनात 5 ते 20 मिनिटं राहायचं, उजेड मंद ठेवायचा आणि अंगावर काहीतरी पांघरायचं. हेतू झोपेचा नाही, जागेपणी सैल पडण्याचा आहे. डोळा लागलाच तर लागू द्या.

पद्धतीचं नाव परदेशातून आलं, माल मात्र इथलाच. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी आजारी, वयस्कर आणि ताठर अंगाच्या माणसांनाही आसनं जमावीत म्हणून लोड, खुर्ची, पट्टा, ठोकळे अशी साधनं वापरात आणली. त्यांची पुण्यातली संस्था 1975 साली उभी राहिली. त्यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकन फिजिओथेरपिस्ट जुडिथ हॅन्सन लासाटर यांनी त्यातला विश्रांतीचा भाग घेऊन वाढवला आणि तो जगभर पोचवला.

शरीरात काय घडतं

आपल्या मज्जासंस्थेचा जो भाग आपल्या हुकमाशिवाय चालतो, त्याच्या दोन शाखा आहेत. एक धावपळीची : ठोके वाढवते, स्नायू आवळते, पचन मागे टाकते. दुसरी सावरण्याची : ठोके उतरवते, आतड्यांचं काम सुरू करते. दिवसभर पहिलीच राबत राहिली की रात्री अंथरुणावर पडूनही डोकं थांबत नाही.

दुसऱ्या शाखेला हुकूम सोडता येत नाही, पण तिला सोयीची परिस्थिती करून देता येते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. पाय वर घेतले की पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परततं. मग मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधले दाब ओळखणारे तंतू मेंदूला तसं कळवतात आणि ठोके खाली येतात. अंधार, ऊब आणि शांतता यांनीही मदत होते. याला वेळ लागतो. दोन मिनिटं पडून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांनी दहा मिनिटं पडून बघावं.

सोलापुरात याची गरज कुणाला, हे आम्ही सांगायला नको. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास खाली मान घालून विड्या वळणाऱ्या बाया, युनिफॉर्मच्या शिलाईवर बसणारे, यंत्रमागावर रात्रपाळी करून घरी आल्यावरही ज्यांच्या कानात खडखडाट चालूच असतो ते. यांना व्यायाम कमी पडत नाही, विसावा कमी पडतो.

फायद्यांबद्दल मोजकंच बोलू. झोप लवकर लागणं, मान-खांद्यांचा आवळलेपणा सुटणं, चिडचिड कमी होणं हे नियमित करणारे सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. साखरेचं विचाराल तर अमेरिकेत सुमारे 180 जणांवर जवळजवळ वर्षभर एक चाचणी झाली. त्यात एका गटाने हा योग केला, दुसऱ्याने साधे ताणाचे व्यायाम. योगवाल्यांची उपाशीपोटीची साखर थोडी जास्त उतरली, बाकीच्या मोजमापांत मात्र तो गट काही सरस ठरला नाही. तेव्हा गोळ्या चालू ठेवा. लोडामुळे मधुमेह जातो असं कुणी आमचं नाव घेऊन सांगितलं, तर ते आम्ही म्हटलेलं नाही.

एक आसन नीट करून बघा

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. घरात सोलापुरी चादरी असतीलच. जाड विणीची सुती चादर घडीत दबत नाही, हा तिचा मोठा गुण. दोन चादरी एकात एक घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांना नाडीने बांधा. लोड तयार.

सुप्त बद्धकोणासन घेऊ. चटईवर बसा, लोड पाठीमागे लांबीत ठेवा. त्याचं टोक कंबरेला टेकलेलं हवं, बूड मात्र जमिनीवरच. हातांच्या आधाराने हळूहळू मागे पडा. डोक्याखाली एक घडी घ्या आणि इथे घाई करू नका : कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर आलं पाहिजे. उलट झालं, म्हणजे हनुवटी छताकडे गेली, तर मान आखडते आणि सगळी मेहनत वाया जाते. आता तळपाय एकमेकांना जोडून गुडघे बाजूला सोडा आणि दोन्ही मांड्यांखाली चादरीच्या वळकट्या सारा. मांडी वळकटीवर पूर्ण टेकायला हवी. गुडघा हवेत लोंबकळला की जांघ ओढली जाते. हात खाली पोचत नसतील तर कोपरांखालीही घडी द्या. कंबर कुरकुरली तर लोड उंच झाला आहे, तो काढून नुसती घडी घातलेली चादर वापरा. दहा मिनिटांनी कुशीवर वळा, थोडं थांबा, मग हाताने जमीन दाबत उठा.

बाकीची आसनं सोपी आहेत. भिंतीला पाय लावून विपरीत करणी, लोडाला मिठी मारून बालासन, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी पाठीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्यात. विडीकामाच्या बायांना आम्ही हेच शेवटचं आधी सांगतो, कारण त्यात कंबरेला लगेच उसंत मिळते.

उन्हाळ्यात पारा 42 च्या पुढे गेला की स्लॅबखालची खोली दुपारी तव्यासारखी तापते. तेव्हा पहाटे करा, शहाबादी फरशी त्या वेळी गार असते. तरीही पंख्याखाली एक पातळ चादर अंगावर घ्याच. निवांत पडलं की अंग गार पडतं आणि थंडी वाजली की स्नायू पुन्हा आवळतात. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी हा बेत आखू नका. अर्धा कान नळाकडे ठेवून कुणी सैल पडत नाही.

कोणी जपायचं

काचबिंदू असणाऱ्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी पाय वर घेण्याची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर जवसाची पिशवी डोळ्यांवर ठेवू नये. पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईने पाठीवर सपाट पडून राहू नये. डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये लोड घेऊन पडणं चांगलं. मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही. जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्या. पायाला मुंग्या आल्या तर सहन करत बसू नका, आसन सोडा.

आमच्या मालाविषयी

लोडात आम्ही घट्ट ठासलेला कापूस भरतो. सावरीचा कापूस मऊ लागतो, पण अंगाखाली लवकर चेपतो, म्हणून तो वापरत नाही. नवा लोड सुरुवातीला कडक वाटेल. महिनाभरात अंगाला बसतो. खोळीला चेन आहे, ती काढून धुवा. आतला लोड भिजवू नका, महिन्यातून एकदा उन्हात टाका. जवसाच्या पिशवीचं आतलं कापड धुवायचं नाही आणि तिला पावसाळ्यात डब्यात ठेवा, नाहीतर कीड लागते.

उंचीप्रमाणे लोड वेगळा लागतो. दुकानाच्या माडीवर तिन्ही मापांचे लोड अंथरून ठेवले आहेत. दुपारी गर्दी नसते तेव्हा या, पडून बघा आणि घरच्या चादरींवर भागत असेल तर तसंही सांगा, आम्ही फक्त घडी कशी घालायची ते दाखवू.