जबड्याच्या सांध्याची प्रतिमातपासणी

कानाच्या छिद्रापुढे बोट टेकवून तोंड उघडले की बोटाखाली जे टोक सरकताना लागते, ते खालच्या जबड्याचे शीर्ष, म्हणजे कंडाइल. कवटीच्या शंखास्थीतील खोबण आणि हे शीर्ष यांचा सांधा टीएमजे (टेम्पोरोमँडिब्युलर जॉइंट) या नावाने ओळखला जातो. दोन्ही हाडांमध्ये तंतुमय कूर्चेची चकती असते. ती मध्यभागी पातळ व कडांना जाड असते आणि तोंड उघडताना शीर्षाबरोबर पुढे सरकते. सांध्याच्या अनेक तक्रारी या चकतीशी निगडित असतात आणि साध्या क्ष-किरणात नेमकी तीच दिसत नाही.

प्रथम बहुधा ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा रुंद क्ष-किरण, काढतात. त्यात दोन्ही जबडे एकाच चित्रात येतात, अस्थिभंग किंवा बराच पुढे गेलेला झिजेचा विकार ओळखता येतो. सुरुवातीची झीज मात्र निसटते, म्हणून ओपीजी निर्दोष आली एवढ्यावरून सांधा निर्दोष ठरवणे योग्य नव्हे. हाडाचे बारकावे सीटी किंवा सीबीसीटीत स्पष्ट होतात. सीबीसीटीत शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती फिरतो आणि किरणोत्सर्ग सामान्यतः सीटीपेक्षा कमी लागतो. लहानपणी हनुवटीवर पडल्याने कंडाइल मोडून पुढे सांधा हाडाने जखडला असेल, तर जुळलेले हाड कवटीच्या तळाकडे किती आत गेले आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी सीटीवरच पाहावे लागते. (आपल्याकडे तोंड उघडत नसल्यास सुपारी-गुटख्याची चौकशी आधी करावी; त्यांच्या सेवनाने होणाऱ्या विकारात गालाची आतली त्वचा ताठरते, सांधा बहुधा चांगलाच असतो.)

चकती पाहण्यासाठी पूर्वी सांध्यात सुईने रंजकद्रव्य भरून क्ष-किरण चित्रे घेत. डेन्मार्कचे नॉरगॉर्ड यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. १९८० च्या दशकापासून तिची जागा एमआरआयने घेतली. रुग्णाची चित्रे आधी तोंड मिटून व नंतर दातांत ठोकळा धरून तोंड उघडे ठेवून घेतात. मिटलेल्या तोंडात चकतीची मागची जाड कड घड्याळातील बाराच्या जागी, शीर्षाच्या माथ्यावर असावी. ती पुढे घसरलेली असून तोंड उघडताच परत माथ्यावर आली, तर रुग्ण सांगतो त्या ‘कट्’ आवाजाचा उलगडा होतो. परत आली नाही तर तोंड अडकू शकते. तथापि काहीही त्रास नसलेल्या माणसांपैकी सुमारे एक तृतीयांशांत चकती सरकलेली आढळते, त्यामुळे केवळ चित्र पाहून उपचार ठरवू नयेत.

सोनोग्राफी स्वस्त आहे आणि सांध्याची हालचाल चालू असतानाच दाखवते, पण आतल्या बाजूस सरकलेली चकती हाडाआड राहते. एका बाजूचे कंडाइल वाढून चेहरा वाकडा होत असेल, तर टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून बोन स्कॅन करतात; वाढत्या हाडात ते जास्त शोषले जाते. दोन्ही बाजूंच्या शोषणात १० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर वाढ अजून चालू असल्याचे सामान्यतः मानतात. मग वाढीचे केंद्र काढायचे की वाढ थांबेपर्यंत थांबायचे, हे रुग्णाचे वय पाहून ठरते.