आकडा दिसला म्हणून तो संख्यात्मक नव्हे

‘अंकांत लिहिलेली माहिती म्हणजे संख्यात्मक डेटा’ हा समज चुकीचा आहे. पिनकोडच घ्या. पुणे ४११००१, कोल्हापूर ४१६००१. सरासरी येते ४१३५०१, म्हणजे चक्क धाराशिव! पिनकोड हे अंकांत लिहिलेलं नाव आहे, म्हणून तो गुणात्मक डेटा, म्हणजे माप नव्हे तर ओळख किंवा गट सांगणारा. कसोटी सोपी: दोन किमतींची वजाबाकी करून उत्तराला अर्थ उरतो का? उंचीत उरतो, पिनकोडमध्ये नाही.

एक्सेलमध्ये असा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर हजेरी क्रमांक ००७ चा नुसता ७ होतो. मग प्रत्येक पिनकोडची वारंवारता, म्हणजे तो किती वेळा आला ते, मोजा आणि स्तंभालेख काढा, स्तंभांत फट ठेवून. चिकटलेल्या स्तंभांचा आयतालेख उंची-वजनासारख्या सलग मापांसाठी. पिनकोडचा काढलात, तर दोन पिनकोडांमधली रिकामी जागाही काहीतरी सांगतेय असं उगाच वाटतं.