अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघ

अंधेरी पूर्व (क्रमांक १६६) हा मुंबई उपनगर जिल्ह्यातला खुला मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेत अंधेरीचे पूर्व-पश्चिम असे दोन मतदारसंघ झाले. लोकसभेसाठी हा भाग मुंबई वायव्यमध्ये मोडतो. मरोळ, चकाला, गुंदवली, महाकाली गुंफांचा परिसर, सीप्झ आणि एमआयडीसीभोवतालच्या वस्त्या असा त्याचा पसारा. मरोळसारख्या जुन्या गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, चाळींतले आणि झोपडपट्ट्यांतले मराठी व उत्तर भारतीय, सोसायट्यांतले गुजराती आणि दक्षिण भारतीय अशी इथली सरमिसळ आहे. एकाच समाजाच्या जोरावर ही जागा जिंकणे अवघड.

पुनर्रचनेपूर्वीच्या अंधेरी मतदारसंघातून काँग्रेसचे सुरेश शेट्टी निवडून येत. २००९ मध्ये नव्या मतदारसंघातही त्यांनी शिवसेनेच्या रमेश लटके यांना हरवले आणि पुढे ते आरोग्यमंत्री झाले. २०१४ मध्ये युती तुटली. सेना-भाजप समोरासमोर आले, लटके यांनी भाजपच्या सुनील यादव यांच्यावर जेमतेम साडेपाच हजारांनी मात केली आणि शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ ला युती पुन्हा जुळली, जागा सेनेला सुटली. पण भाजपचे मुरजी पटेल अपक्ष उभे राहिले. लटके १६,९६५ मतांनी जिंकले खरे, तरी बंडखोराला ४५ हजारांवर मते पडली.

लटके यांचे मे २०२२ मध्ये दुबईत निधन झाले. पुढच्याच महिन्यात शिवसेना फुटली, त्यामुळे पोटनिवडणूक ही दोन्ही गटांची पहिली कसोटी ठरणार होती. निवडणूक आयोगाने ऑक्टोबरमध्ये धनुष्यबाण गोठवला. ठाकरे गटाला मशाल, शिंदे गटाला ढाल-तलवार मिळाली. ठाकरे गटाच्या उमेदवार, लटके यांच्या पत्नी ऋतुजा, महापालिकेत लिपिक होत्या. पालिका त्यांचा राजीनामा मंजूर करेना. अखेर १३ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तो स्वीकारण्याचा आदेश दिला; अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

भाजपने मुरजी पटेल यांना उमेदवारी दिली. दिवंगत आमदाराच्या घरातले कोणी उभे असेल तर लढू नये, या प्रथेची आठवण राज ठाकरे यांनी फडणवीसांना पत्रातून करून दिली, शरद पवारांनीही तसेच आवाहन केले. १७ ऑक्टोबरला पटेल यांनी माघार घेतली. ही माघार सौजन्याची की पराभवाच्या भीतीची, यावर ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे उत्तर दिले.

३ नोव्हेंबरला अवघे ३१.७४ टक्के मतदान झाले. ऋतुजा लटके यांना ६६,५३० मते मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला 'नोटा' (यांपैकी कोणीही नाही), १२,८०६ मतांसह. उरलेल्या सहा उमेदवारांची बेरीजही तिथवर पोहोचली नाही. नोटासाठी पद्धतशीर प्रचार झाल्याचा आरोप ठाकरे गटाने केला. विधानसभा निवडणुकीत नोटाच्या मतांचा निकालावर परिणाम होत नाही, त्यामुळे हा आकडा राग मोजण्यापुरताच. मात्र मतदान करणाऱ्या साधारण सातांपैकी एकाने त्यासाठी मतदान केंद्र गाठले, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

२०२४ च्या विधानसभेला पटेल यांनी शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे निवडणूक लढवली. त्यांना ९४,०१० तर ऋतुजा लटके यांना ६८,५२४ मते पडली. म्हणजे लटके यांची मते पोटनिवडणुकीपेक्षा थोडी वाढलीच होती; वाढीव मतदान मात्र दुसऱ्या बाजूला गेले. तोवर धनुष्यबाण शिंदे यांच्या पक्षाकडे आला होता, आणि ज्या चिन्हावर रमेश लटके दोनदा आमदार झाले, त्याच चिन्हावर पटेल जिंकले.