पार्श्वभूमी : तुटपुंज्या पैशांतला सिनेमा आणि कोकण

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत मोबाइलवर लघुपट करणारी तरुण मंडळी आता गावोगाव भेटतात. खिशात पैसे नाहीत तर सुचणार काय, ही त्यांची नेहमीची तक्रार. खरं तर मराठी माणसाला सिनेमा सुचला तोच खिसा रिकामा असताना.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पण चित्रपटाला भांडवल नव्हतं. मग त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर ते भराभर वाढताना दिसलं आणि पैसे देणारा मिळाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

पुढे कित्येक वर्षं कॅमेऱ्यात घालायच्या फिल्मचाच खर्च झेपत नसे. ३५ मिमीचं ४०० फुटी रीळ साडेचार मिनिटांत संपायचं.

कोकणातल्या नवख्या दिग्दर्शकाला मात्र मी आधी जत्रेत नेईन. देवळापुढे रात्री दशावतार हे लोकनाट्य उभं राहतं, त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि राजा कोण, राक्षस कोण, एवढं आधी ठरतं. संवाद उभ्या उभ्या सुचतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की आश्रम. रंगभूषा ज्याची त्याने करायची, स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषांनीच करायच्या. हार्मोनियम, मृदंग आणि झांजेवर युद्ध आणि विलाप पहाटेपर्यंत रंगतात. नट त्या बाकड्यावर राजाच्या ऐटीत बसतो, म्हणून बघणाराही ते सिंहासन मानतो. कमी खर्चात दृश्य कसं उभं करायचं, हे याहून चांगलं शिकवणारी शाळा मला माहीत नाही.

हीच काटकसर संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये (२००४) दिसते. कोकणातला आजोबा, डोळ्याचा कर्करोग झालेला नातू, शहरातलं हॉस्पिटल, ऐवज एवढाच. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार, म्हणून आजोबा आधी त्याला बाहेर नेऊन जग दाखवतो. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आला तो या चित्रपटामुळे. भारतातर्फे तो ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली.

अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात बालपरीक्षकांचा पुरस्कार मिळाला. एरवी चित्रीकरणवाले ज्या पावसाला टाळतात, तो या चित्रपटात कोकणात नव्याने आलेल्या एकट्या पोराच्या मनातल्या कालवाकालवीसारखा कोसळतो.

२००८ च्या सुमारास फोटोच्या कॅमेऱ्यावर एचडी चित्रण होऊ लागलं, मग मोबाइल आला आणि रिळाचा खर्च संपला. आवाजाचं दुखणं मात्र अजून आहे. किनाऱ्यावरचा वारा मोबाइलच्या माइकवर आदळला की अर्धे संवाद ऐकूच येत नाहीत. त्यामुळे बोलण्याचे प्रसंग पडवीत किंवा माजघरात घ्यायचे आणि समुद्रावर पात्रांना गप्प ठेवायचं, असं ही मंडळी पटकथा लिहितानाच ठरवू लागली आहेत.